हसवून विचारलेला प्रश्न : गाडगेबाबांचं कीर्तन, एकनाथांचं भारूड आणि आपली श्रद्धा

पारावरचा (धागालेखक)

नोव्हेंबर १९५६ मध्ये मुंबईत वांद्र्याला झालेलं गाडगेबाबांचं कीर्तन ध्वनिमुद्रित झालं आहे. त्यानंतर जेमतेम दीड महिन्यात, २० डिसेंबरला, बाबा गेले. ज्यांनी ते ऐकलं नसेल त्यांनी सवड काढून ऐकावंच. मी लहानपणापासून तुकडे ऐकले होते, परवा पहिल्यांदा सलग ऐकलं, आणि तेव्हापासून एक गोष्ट डोक्यात घोळतेय ती इथे मांडतो.

बाबा सांगत फार कमी, विचारत जास्त. त्यांच्या कीर्तनात ठरलेली प्रश्नांची माळ असायची. शब्द माझे आहेत, क्रम त्यांचा. देव कुठं आहे? देवळात. त्याला अंघोळ कोण घालतं? आम्ही. धोतर कोण नेसवतं? आम्हीच. नैवेद्याचं ताट ठेवलं की काठी घेऊन राखण कोण करतं? आम्ही. कशापायी? कुत्रं येईल म्हणून. इथे जमाव स्वतःच्याच उत्तरावर हसत सुटायचा. निष्कर्ष बाबांना काढावा लागायचाच नाही. तो ऐकणाऱ्याच्या तोंडून आधीच बाहेर पडलेला असायचा.

सत्यनारायणाचंही तसंच. पोथीत कलावती प्रसाद टाकून नवऱ्याला भेटायला धावते, नाव बुडते. परत येऊन प्रसाद खाते, नाव वर येते. बाबा ती गोष्ट पोथीपेक्षा रंगवून सांगायचे. मग विचारायचे, एवढ्या महायुद्धात एवढाल्या बोटी बुडाल्या, करोडो रुपये पाण्यात गेले. समुद्रकाठी पूजा घाला, प्रसाद वाटा आणि काढा की वर! दुसरं महायुद्ध संपून तेव्हा दहा-अकरा वर्षंच झाली होती. समोर बसलेल्या मुंबईकराला बुडालेली बोट म्हणजे काय ते ठाऊक होतं.

माझं म्हणणं असं. श्रद्धेला प्रश्न विचारणारा विनोद आपल्याकडे मुबलक आहे आणि फार जुना आहे. पण त्यातला लोकांच्या मनात उतरला तो ज्याने ऐकणाऱ्यालाच उत्तर द्यायला लावलं तो. भाविकाला मूर्ख ठरवून त्याच्यावर हसणारा विनोद फक्त आधीपासून पटलेल्यांनाच हसवतो. गाडगेबाबा 'गोपाला गोपाला देवकीनंदन गोपाला' म्हणत सुरू करायचे आणि त्याच गजरात संपवायचे. मधल्या वेळात नवस, बळी, कर्ज काढून केलेली तेरवी, शिवाशीव, सगळ्याचा हिशेब मागायचे. लोक उठून जात नव्हते, उलट दुसऱ्या गावी मागोमाग जात होते.

आज आपल्याकडे या जातीचा विनोद कुठे आहे? आणि नसेल तर का नाही? मतं वाचायला आवडतील.

---

वऱ्हाडवासी

फार चांगला विषय. आमच्या घरात आजोबांनी बाबांचं कीर्तन मूर्तिजापूरला ऐकलं होतं. आमच्याकडे घरातल्या कार्याला बकरं कापायची रीत होती. आजोबांनी ती कीर्तनानंतर बंद केली. पणजीने विरोध केला, भावकीने नावं ठेवली. आजोबा म्हणायचे, बाबा रागावून बोलले असते तर मीपण रागावून दोन बकरे कापले असते. पण मी तर तिथं हसून बसलो होतो.

बाबांनी हे आधी स्वतःच्या घरी केलं होतं, हेही लक्षात घ्या. मुलीच्या बारशाला रिवाजाप्रमाणे मटण आणि दारू न देता गोडाचं जेवण घातलं होतं. तेही साध्या परीट घरात, जातीचा दट्ट्या असताना. त्यानंतर कितीतरी वर्षांनी हाती झाडू घेऊन ते बाहेर पडले.

---

रात्रपाळी

+१. कीर्तन ऐकतोय. धाग्याबद्दल मनापासून आभार.

---

माळकरी

रामकृष्णहरी. मी वारी करतो, गळ्यात माळ आहे, त्यामुळे माझं मत काहींना आवडणार नाही, तरी लिहितो.

बाबांनी विचारलेले प्रश्न आम्हाला परके नाहीत. तुकोबांनी साडेतीनशे वर्षांपूर्वी विचारलं आहे, 'नवसें कन्यापुत्र होती । तरि कां करणें लागे पती'. या ओळीला आजही कीर्तनात हशा येतो आणि हसणारे सगळे माळकरी असतात. म्हणजे आपल्या परंपरेत देवावर प्रेम आणि देवाच्या नावावर चाललेल्या फसवणुकीवर हसू, या दोन गोष्टी एकाच फडात चालतात.

पण पारावरचा, एक गोष्ट तुमच्या लेखातून निसटली. बाबा गावात आले की दिवसभर गाव झाडायचे. गटारं साफ करायचे. संध्याकाळी त्याच चौकात कीर्तनाला उभे राहायचे. पंढरपुरात त्यांनी चोखामेळा धर्मशाळा उभी केली, कारण ज्यांना कुठे उतरू देत नव्हते त्यांना पाठ टेकायला जागा नव्हती. पुढे ती बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या हवाली केली. त्या माणसाने देवळातल्या दगडाबद्दल काही विचारलं तर लोक ऐकून घेणार नाहीत तर काय? आज मोबाइलसमोर बसून कुणी आमच्या एकादशीवर विनोद करतो, त्याने आमच्यासाठी काय झाडलंय?

माझ्या बहिणीचा मुलगा आजारी होता तेव्हा तिने नवस बोलला होता. डॉक्टरही चालू होते, नवसही चालू होता. त्या वेळी तिच्यासमोर कुणी तुकोबांची ही ओळ म्हटली असती तर मी त्याला घराबाहेर काढलं असतं. ओळ खरी असली तरी.

---

चिकित्सक

माळकरी, तुमचा प्रतिसाद मनापासून आहे म्हणून उत्तरही मनापासून देतो.

प्रश्न विचारायला आधी गाव झाडलं पाहिजे, ही अट मला मान्य नाही. मग चार्वाकाने काय झाडलं होतं? 'सर्वदर्शनसंग्रहा'त त्याच्या नावावर जे श्लोक आहेत त्यात श्राद्धावरचा मुद्दा आहे: मेलेल्याला इथून अन्न पोहोचत असेल तर प्रवासाला निघालेल्याबरोबर शिदोरी कशाला द्यायची? घरीच त्याच्या नावाने जेवू घाला. हा चौदाव्या शतकातल्या ग्रंथात नोंदलेला विनोद आहे, आणि तिथेही त्याचं खंडन करण्यासाठीच तो नोंदलाय. चार्वाकाचे स्वतःचे ग्रंथ उरलेच नाहीत. ज्याने प्रेमाची, सेवेची हमी न देता विचारलं त्याचं असं झालं.

आणि धागालेखकालाही माझा प्रश्न आहे. 'लोकांच्या मनात उतरलेला विनोद' म्हणता, तो उतरला की पचवला गेला? गाडगेबाबांनी शिष्य केला नाही, मठ मागितला नाही, माझं देऊळ बांधू नका म्हणाले. आज त्यांच्या मूर्तीला हार घालतात, आरती म्हणतात. एकनाथांचं 'सत्वर पाव गे मला' नवसावरचं भारूड आहे, ते नवरात्रात देवीसमोर करमणूक म्हणून होतं आणि त्याच मांडवात नवसाच्या ओट्या भरल्या जातात. धर्माला विनोदाचा त्रास होतच नाही. तो त्याला एक वार नेमून देतो आणि उरलेले दिवस मोकळा राहतो. म्हणून मला वाटतं, बाहेरून केलेला, बोचणारा, कुणाची परवानगी न मागणारा विनोदही लागतो. त्याच्यावर लोक चिडतात, कारण तो पचत नाही.

---

शालूताई

चिकित्सक, रोडग्याच्या भारुडाबद्दल तुम्ही लिहिलंत ते प्रेक्षकांत बसून लिहिलंय. मी ते करते, म्हणून आतून सांगते.

आमचं भजनी मंडळ आहे, बहुतेक सगळ्या पन्नाशीच्या पुढच्या. नवरात्रात आम्ही हे भारूड करतोच. एकीने मळवट भरायचा, केस मोकळे, हातात परडी. ती देवीला सांगते, सासरा गावी गेला आहे, त्याला तिकडेच खपव. मग सासू, जाऊ, नणंद, नणंदेचं पोर, शेवटी नवरा. प्रत्येकाला काहीतरी भयंकर मागायचं आणि बदल्यात रोडगा कबूल करायचा. एवढ्या माणसांच्या जिवाची किंमत एक रोडगा! समोर खऱ्या सासवा, खऱ्या जावा बसलेल्या असतात. भूमिका करणारी बाई त्या त्या ओळीला नेमकी तिच्याकडे बघते. शेवटची 'एकटीच राहू दे मला' ही ओळ आम्हाला दोन-तीनदा म्हणायला लावतात.

नाथांचा अर्थ वेगळा आहे, सासरा म्हणजे अहंकार वगैरे, तो आम्हाला माहीत आहे आणि आम्ही तो शेवटी सांगतोही. पण बायका त्या अर्थाला हसत नसतात. त्या दोन गोष्टींना हसतात. एक, जे घरात कधी बोलता आलं नाही ते देवीसमोर माइकवर बोललं जातंय. दुसरी, आपण देवीकडे जे मागतो ते ऐकायला किती विचित्र वाटतं. ओटी भरायला रांगेत उभी राहिलेली बाई पुढच्या वर्षी काय मागायचं याचा जरा विचार करते, हे मी पाहिलंय. आमच्यातल्या एकीने मुलगा व्हावा म्हणून सुनेच्या नावाने बोललेला नवस भारुडाच्या तालमी चालू असताना सोडून दिला. तिने कारण सांगितलं नाही. आम्ही विचारलंही नाही.

आता माझी खरी तक्रार. धागालेखकाने विचारलंय, हा विनोद आज कुठे आहे. विनोदी कीर्तनं आज पूर्वीपेक्षा जास्त आहेत. मांडव भरतात, तारखा मिळत नाहीत. पण हसायचं कुणाला? मुलीच्या जीन्सला, सुनेच्या मोबाइलला, स्वयंपाक न येणाऱ्या पोरीला, दोन दोन मुली झालेल्या बाईला. सावकाराला नाही, देवस्थानाच्या विश्वस्ताला नाही, हुंडा घेणाऱ्याला नाही. गाडगेबाबा कर्ज काढून लग्न करू नका म्हणून बापाला झापायचे. आजचा महाराज त्याच लग्नाच्या मांडवात बिदागी घेतो आणि नवरीच्या मैत्रिणींवर विनोद करतो. विनोद तोच, कीर्तन तेच, फक्त हसण्याची दिशा खाली वळली. मला या धाग्यात सगळ्यात जास्त राग याचाच येतोय.

---

पारावरचा

शालूताई, तुमचा प्रतिसाद या धाग्याचा गाभा आहे असं मला वाटतं. 'विनोद कुठे आहे' असा प्रश्न मी विचारला होता, त्यापेक्षा 'कुणाला हसतो' हा जास्त महत्त्वाचा आहे.

याच दिशेने एक जुनं उदाहरण देतो, कारण ते फारसं वाचलं जात नाही. जोतीराव फुल्यांचं 'तृतीय रत्न' हे नाटक १८५५ सालचं आहे. एक जोशी कुणब्याच्या घरी जातो, घरात गरोदर बाई एकटीच. तिला ग्रहांची भीती घालतो, पोटातल्या पोराचं बरंवाईट होईल म्हणतो, मग शांत, मग ब्राह्मणभोजन, आणि त्या पायी घर धुऊन निघतं. या सगळ्यात विदूषक उभा आहे. संस्कृत नाटकातला विदूषक म्हणजे राजाचा खादाड ब्राह्मण मित्र. जोतीरावांनी तोच विदूषक उचलला आणि त्याला जोशाच्या समोर उभा केला. जोशी एक वाक्य बोलला की विदूषक प्रेक्षकांना सांगतो, बघा, आता याने काय केलं. बाईनेच मघाशी दिलेली माहिती तो भविष्य म्हणून तिला परत कशी विकतो, ते तो उलगडून दाखवतो.

त्या बाईवर विदूषक हसत नाही. तिची भीती खरी आहे. तो चिडतो जोशावर, आणि तिला शिकू न देणाऱ्या व्यवस्थेवर. नाटकाच्या शेवटी नवराबायको फुल्यांच्या रात्रीच्या शाळेत जायचं ठरवतात. हे नाटक मराठी पुस्तकांना बक्षीस देणाऱ्या दक्षिणा प्राइज कमिटीकडे पाठवलं होतं, तिने नाकारलं. कमिटीतल्या ब्राह्मण सभासदांच्या आग्रहापुढे युरोपियन गृहस्थांचं काही चाललं नाही, असं पुढे जोतीरावांनी 'गुलामगिरी'त लिहून ठेवलंय. छापून यायला १९७९ साल उजाडलं.

चिकित्सक, तुमच्या 'पचवलं' या मुद्द्याला हे उत्तर होऊ शकेल. जे खरंच टोचतं ते पचवत नाहीत, दाबतात. पण ते टोचणारं नाटक बाहेरच्या माणसाचं नव्हतं. कुणब्याच्या घरात काय चालतं ते आतून पाहिलेल्या माणसाचं होतं.

---

सरळ_बोलतो

सगळं ठीक. पण जोशी, बडवे, सत्यनारायण, नवस यापलीकडे कुणी जाणार का? हा विनोद फक्त हिंदूंच्या वाट्याला का येतो? दुसऱ्यांच्या श्रद्धेवर हसून दाखवा, मग तुमची समता मानू. माझा प्रश्न टोमणा म्हणून नाही. माझ्यासारख्या अनेकांच्या मनात हेच येतं आणि मग आम्ही गाडगेबाबांचंही ऐकायचं बंद करतो.

---

चिकित्सक

प्रश्न रास्त आहे. दोन उत्तरं.

एक, नाथांनी हे केलंय. 'हिंदू-तुर्क संवाद' वाचा. सोळाव्या शतकातला आहे. तुर्क हिंदूच्या पुराणांतल्या अडचणीच्या गोष्टी एकेक करून काढतो. हिंदू विचारतो, देव सगळीकडे आहे तर तोंड पश्चिमेलाच का, बाकीच्या दिशांना तो नाही का? दोघं एकमेकांना मूर्ख म्हणतात, तावातावाने भांडतात, आणि अखेर गळ्यात गळा घालतात. पैठणला, त्या काळात, एका ब्राह्मणाने दोन्ही बाजूंचा विनोद एवढ्या मोकळेपणाने लिहिला.

दोन, आपल्या घरातलं जाळं आपण काढायचं असतं. मिरजोळीच्या हमीद दलवाईंनी १९७० साली पुण्यात मुस्लिम सत्यशोधक मंडळ काढलं. त्यांनी तेव्हा आपल्या समाजाकडून काय सोसलं ते पाहा. त्यांना हिंदूंच्या वतीने कुणी पाठवलं नव्हतं, तोंडी तलाकने रस्त्यावर आलेल्या त्यांच्याच समाजातल्या बायकांसाठी ते उभे राहिले. मी हिंदू घरात वाढलो. मला सत्यनारायणाची पोथी पाठ आहे, म्हणून त्यातलं हसू मला सापडतं. दुसऱ्याच्या पोथीतलं हसू बाहेरून शोधायला गेलो तर ते हसू राहणार नाही, कुत्सितपणा होईल. आणि तुम्हाला खात्रीने सांगतो, त्या घरातलीही माणसं स्वयंपाकघरात हसत असतात.

---

माळकरी

म्हणजे चिकित्सकराव, बाहेरून केलेला बोचरा विनोद लागतो असं तुम्ही वर म्हणालात आणि आता आपल्या घरातलं आपण बघावं म्हणता. मला हे दुसरं पटतं.

---

मालवणी मुलूख

आमच्याकडे दशावतारात सुरुवातीकच गणपती येता, रिद्धी-सिद्धी येतत, आणि मागसून संकासुर. काळे कपडे, तोंडार काळो बुरखो. वेद चोरणारो राक्षस म्हणान त्येची ओळख, पण गावात सगळ्यात लाडको तोच. बाकीचे देव पुस्तकी बोलतत, ह्यो मालवणीत बोलता. गावच्या मानकऱ्याक, भटाक, सावकाराक जा कोण बोलूक धजणा नाय, ता तो बोलता, आणि ता देवळाच्याच आवारात, देवाच्याच जत्रेत.

(इतरांसाठी प्रमाण मराठीत:) म्हणजे देवस्थानानेच ही जागा ठेवलेली आहे. चिकित्सक याला 'एक वार नेमून देणं' म्हणतील. पण लहानपणी रात्री दोन वाजता घोंगडीवर बसून मानकऱ्याची फजिती बघितलेल्या मुलाला दुसऱ्या दिवशी त्या मानकऱ्याची तेवढी भीती वाटत नाही. मी तो मुलगा आहे, म्हणून सांगतो.

---

मास्तर

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक आहे. अंधश्रद्धा निर्मूलनाचे चमत्कार-प्रयोग मी गावोगावी करतो. धागा वाचून राहवलं नाही.

प्रयोग करताना आधी मी बुवा होतो. भगवं उपरणं, कपाळावर भस्म. तांब्यात पाणी दाखवतो, दिव्यात ओततो, पाण्याने दिवा पेटतो. दिव्यात आधीच कॅल्शियम कार्बाइडचे खडे ठेवलेले असतात, त्यावर पाणी पडलं की ॲसिटिलीन वायू तयार होतो आणि तो जळतो. लिंबू कापतो, लाल रस गळतो. चाकूच्या पात्याला मिथिल ऑरेंज लावून वाळवलेलं असतं, लिंबाच्या आम्लाने ते लाल होतं. जिभेतून त्रिशूळ आरपार जातो, कारण त्रिशुळाच्या दांडीला मधोमध जिभेएवढा बाक दिलेला असतो.

नवीन होतो तेव्हा मी लगेच रहस्य सांगून मोकळा होत असे. लोक टाळ्या वाजवायचे आणि घरी जायचे. एका ज्येष्ठ कार्यकर्त्याने मला सांगितलं, तू बुवा असतानाच हसव. आता मी बुवा होऊन लोकांना विचारतो: बाई, तुमच्या घरी करणी झालीय, लिंबू कापतो, किती देणार? पाचशे? करणी मोठी आहे. हजार? मग गावच्या सरपंचाला विचारतो, तुमची करणी जरा महाग पडेल. लोक हसायला लागतात, एकमेकांना टपल्या मारतात. मग कुणीतरी पोरगं ओरडतं, सर, चाकू दाखवा! तो चाकू मी त्या पोराच्याच हातात देतो. 'सर, पात्याला काहीतरी लागलंय.' बस, तिथून पुढचं व्याख्यान तो पोरगाच देतो.

भाव करण्याच्या वेळी मी बायकांकडून सुरुवात करायचो, शालूताईंचं वाचून आता ते खटकतंय. पुढच्या वेळी सरपंचापासून सुरू करेन.

माळकरींच्या बहिणीबद्दल: प्रयोग झाल्यावर अशी एखादी आई हमखास थांबते. तिच्याशी मी विनोद करत नाही. पोराला काय होतंय, कोणत्या दवाखान्यात दाखवलं, पैशाची काय सोय आहे, हे विचारतो. डॉ. दाभोलकरही हेच सांगत, की देव मानणाऱ्याशी आपलं भांडण नाही, शोषण करणाऱ्याशी आहे.

२० ऑगस्ट २०१३ ला पुण्यात त्यांची गोळ्या घालून हत्या झाली. जादूटोणाविरोधी कायदा त्यांच्या हयातीत झाला नाही, त्याच वर्षी ते गेल्यानंतर झाला. तेव्हापासून प्रयोगाला जाताना घरचे विचारतात, आज कुठल्या गावी? मी गावाचं नाव सांगून निघतो.

---

वऱ्हाडवासी

मास्तर, तुमच्यासारखी माणसं आहेत म्हणून बरं वाटतं. काळजी घ्या.

---

काळा कोट

मी वकील आहे. विनोद करणाऱ्यांना भीती कशाची असते ते कायद्याच्या अंगाने सांगतो, कारण बहुतेकांना अर्धवट माहिती असते.

जुनं कलम भारतीय दंड विधानातलं २९५-अ. ते १९२७ साली घातलं गेलं. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेत ते कलम २९९ आहे. शिक्षा तीन वर्षांपर्यंत. पण कलमात 'हेतुपुरस्सर आणि दुष्ट इराद्याने' अशी अट आहे. सर्वोच्च न्यायालयाने १९५७ च्या रामजीलाल मोदी खटल्यात कलम वैध ठरवतानाच स्पष्ट केलं, की निष्काळजीपणे किंवा नकळत झालेला अपमान यात येत नाही. न्यायालयाने खटला चालवायला घ्यायचा तर सरकारची मंजुरीही लागते. म्हणजे कागदावर गाडगेबाबांचं कीर्तन पूर्ण सुरक्षित आहे.

अडचण कागदाबाहेर आहे. गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र आहे. अटक आधी होते, हेतूची चर्चा नंतर. १ जानेवारी २०२१ ला इंदूरमध्ये विनोदवीर मुनव्वर फारुकीला कार्यक्रमाच्या ठिकाणीच पकडलं. सर्वोच्च न्यायालयाचा अंतरिम जामीन मिळाला ५ फेब्रुवारीला. महिन्याहून जास्त काळ तो तुरुंगात होता, शिक्षा झालेली नसताना. जानेवारी २०१६ मध्ये किकू शारदा या विनोदी नटाला एका बाबाची नक्कल केली म्हणून अटक झाली. तो बाबा म्हणजे गुरमीत राम रहीम. पुढच्याच वर्षी बलात्काराच्या गुन्ह्यात त्याला शिक्षा झाली. नक्कल करणाऱ्याची मात्र आधीच अटक होऊन गेली होती.

तेव्हा 'आज असा विनोद का नाही' याचं अर्धं उत्तर इथे आहे. कुणाच्या तरी भावना दुखावल्या एवढं म्हणणं पुरतं. मी अशी प्रकरणं चालवली आहेत. ज्याच्यावर गुन्हा दाखल होतो तो बहुधा सुटतो, पण दोन-चार वर्षं तारखांना फिरतो आणि पुन्हा त्या वाटेला जात नाही. मला हे अत्यंत अन्यायाचं वाटतं, आणि त्यात बळी सहसा लहान माणूस जातो. मोठ्या नटाला चांगला वकील मिळतो. गावच्या पथनाट्यातल्या पोराला पोलीस ठाण्यातून घरी न्यायलाही कुणी येत नाही.

---

सरळ_बोलतो

काळा कोट, माहितीबद्दल धन्यवाद. कुणाला विनोदासाठी तुरुंगात टाकावं हे मलाही मान्य नाही. चिकित्सक, संवाद मिळवून वाचतो.

---

पडद्यामागचा

सिनेमाचं एक उदाहरण राहिलं. २०११ चा 'देऊळ'. गुराखी केश्याला गाय शोधताना झाडाखाली दत्त दिसतात. सिनेमा त्याच्या दिसण्यावर एकदाही हसत नाही. गावचे पुढारी त्या दत्ताचं काय करतात, त्यावर हसतो. म्हणून तो देवस्थानांच्या गावांतही चालला असावा. मूळ लेखातल्या मुद्द्याला पूरक म्हणून नोंदवतो.

---

माळकरी

पाहिलाय. केश्यासाठी रडलो होतो.

शालूताईंना उत्तर द्यायचं राहिलं. आमच्या दिंडीत यंदा कीर्तनाला कुणाला बोलवायचं यावर बैठक आहे. मागच्या वर्षी आलेल्या महाराजांनी मुलींच्या शिक्षणावरून विनोद केले होते, मंडपात सगळे हसले, माझी पुतणी उठून गेली. ती अभियांत्रिकीला आहे आणि लहानपणापासून दिंडीत चालते. मी बैठकीत त्या महाराजांना विरोध करणार आहे आणि कारणही स्पष्ट सांगणार आहे. आमच्यात चांगलं बोलणाऱ्या महिला कीर्तनकारही आहेत, त्यांचं नाव सुचवेन.

---

शालूताई

माळकरीदादा, पुतणीलाही बैठकीला न्या.

---

पारावरचा

सगळ्यांचे मनापासून आभार. चिकित्सक आणि माझ्यातला मतभेद मिटलेला नाही. ते म्हणतात परवानगी न मागता हसलं पाहिजे. मी म्हणतो, ज्याच्याबरोबर हसतो त्याला उत्तर द्यायची जागा ठेवली पाहिजे. दोघांनाही तुरुंग नको आहे, एवढ्यावर आम्ही एक आहोत.

मास्तर, एक सुचवू का? २३ फेब्रुवारीला गाडगेबाबांची जयंती असते. शाळांत हातात झाडू देऊन मुलांचे फोटो काढतात आणि कार्यक्रम संपतो. त्या दिवशी तुमच्या शाळेत 'तृतीय रत्न'मधला जोशी, बाई आणि विदूषक एवढाच प्रवेश मुलांकडून बसवता येईल का? भाषा थोडी जुनी आहे, पण गावाकडच्या मुलांना कळेल.

---

मास्तर

कल्पना उत्तम आहे. सातवीच्या वर्गात विदूषक शोभेल अशी एक मुलगी आहे, तीच घेतो. मुख्याध्यापकांची परवानगी लेखी काढतो, काळा कोट यांचा प्रतिसाद वाचल्यावर ते बरं. संहिता कुठे मिळेल?

---

पारावरचा

राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाने काढलेल्या 'महात्मा फुले समग्र वाङ्मय' या खंडात पूर्ण नाटक आहे. बहुतेक तालुका ग्रंथालयांत तो खंड असतो. नाही मिळाला तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, माझ्याकडच्या प्रतीतून तो प्रवेश टंकून पाठवतो.

---

काळा कोट

परवानगीच्या अर्जात 'महात्मा फुले लिखित, शासनप्रकाशित नाटकातील प्रवेश' असे शब्द टाका. मसुदा मी करून देतो.